आपणांस काहीही करण्याची गरज नाही

ज्या संदेशानं आमचं घर उलटंपालटं केलं तो वाचायला इतका गोड होता, की मी तो बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. आमची मोबाईल कंपनी बंद पडत होती. तसं तिनं म्हटलं नव्हतं. बुडणारा कधी 'मी बुडतोय' असं छापून वाटत नाही. तिनं म्हटलं होतं, 'आदरणीय कुटुंबप्रमुख, अधिक चांगल्या सेवेसाठी आम्ही आपणांस दुसऱ्या कंपनीकडे सोपवत आहोत. आपला नंबर तोच राहील. आपणांस काहीही करण्याची गरज नाही.'

यातल्या 'कुटुंबप्रमुख' या शब्दावर जरा थांबलं पाहिजे. भाजी कुठली आणायची इथपासून मी कोणता शर्ट घालायचा इथपर्यंतचे आमच्या घरातले सगळे निर्णय माझ्यापर्यंत येतात ते फक्त माहितीसाठी. मला कुटुंबप्रमुख म्हणणारी या पृथ्वीतलावर एकच संस्था होती, ती म्हणजे ही कंपनी. तिच्या 'सुखी परिवार' योजनेत एका नावावर चार फोन मिळत. एक माझा, एक बायकोचा, एक आईचा. चौथा उरला. उरलेली वस्तू वाया जाऊ देणं आमच्या रक्तात नाही, म्हणून तो मी गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहणाऱ्या मावशीला दिला.

आई म्हणाली, "दे की. कोणालाही दे. मला काय त्याचं?"

कारण आई आणि मावशी एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण कशावरून झालं ते विचारू नका. दोघींच्या दोन वेगवेगळ्या हकिगती आहेत, दोन्ही मी पुष्कळदा ऐकल्या आहेत आणि दोन्हींत त्या त्या बहिणीचं शंभर टक्के बरोबर आहे. पण मावशीच्या हाती फोन पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर आईनं फोन घेतला, कुठलासा नंबर दाबला, पलीकडे दोनदा घंटी वाजू दिली आणि कापून टाकला. थोड्या वेळानं तिचा फोन दोनदा वाजला आणि गप्प झाला. आईनं फोन खिडकीत ठेवला आणि दूध तापवायला गेली.

मी विचारलं, "कोणाचा होता?"

"कोणाचा नाही. मिस्ड कॉल होता."

त्या दिवसापासून हे रोज चाललं होतं. इकडून दोन घंट्या, तिकडून दोन घंट्या. म्हणजे 'मी आहे', 'मीही आहे'. याला बोलणं म्हणत नाहीत, त्यामुळे भांडणाला धक्का लागत नव्हता. आता फोनवर कितीही बोललं तरी वेगळा पैसा पडत नाही, हे मी एकदा आईला सांगून पाहिलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवमाणसाला पगार विचारला होता.

आणि त्या दोन घंट्यांतून आई काय काय वाचायची! घंटी नेहमीपेक्षा उशिरा आली की म्हणायची, "पाठ धरली असणार. पाणी स्वतः भरत बसते, सांगून ऐकेल तर ना." दुसरी घंटी अर्धवट तुटली की, "घाईत आहे. कोणीतरी आलंय दारात." एकदा लागोपाठ दोन वेळा आली तर आई दिवसभर खुशीत होती, म्हणाली, "चुकून लागली असेल." मी विमा कंपनीच्या हिशेब खात्यात असतो, लोकांच्या भानगडी कागदावरून ओळखणं हाच माझा धंदा. पण एवढ्याशा नोंदीवरून एवढा ताळेबंद काढणारा माणूस आमच्या अख्ख्या खात्यात नाही.

तर असा तो संदेश आला. काही करायची गरज नव्हती. मी काही करणारही नव्हतो. पण आमच्या समोरच्या दारात सल्लागार मंडळ राहतं.

हे एकाच माणसाचं नाव आहे. सरकारी भांडारातून निवृत्त झालेले गृहस्थ. एकटेच असतात पण बोलतात ठराव पास झाल्यासारखं. जिन्यात मला अडवून त्यांनी संदेश वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"'काहीही करण्याची गरज नाही'," ते म्हणाले. "हे वाक्य वाचलंत?"

"वाचलं. बरं वाटलं."

"बरं वाटलं! अहो, आयुष्य गेलं माझं नोकरीत. 'काळजी नसावी' असं वरून पत्र आलं की आठवड्यात बदली. 'आपल्या प्रकरणाचा विचार चालू आहे' म्हणजे फाईल हरवली. आणि 'आपणांस काही करण्याची गरज नाही' म्हणजे काय?"

"काय?"

"म्हणजे जे करायचं ते तुम्ही करायच्या आत ते करणार! लाखो गिऱ्हाइकं एकदम इकडून तिकडे ओतणार. ओतताना थोडं सांडतंच. तुम्ही सांडणार. चार नंबर आहेत ना? मग आधीच जा. स्वतःच्या पायांनी जा. गर्दीच्या आत नाव लावून मोकळे व्हा."

आता हा सल्ला मूर्खपणाचा होता हे आज सगळेच सांगतात. पण आमच्यासारख्या माणसांची एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. आम्हाला कोणी 'रांगेत उभे राहा' म्हटलं तर आम्ही कुरकुरत उभे राहतो; पण 'रांग नाही, घरी बसा' म्हटलं, की आम्ही लगेच चपला घालतो. रांग नाही म्हणजे ती आपल्याला न कळवता दुसरीकडे लागली असणार.

दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून नव्या कंपनीच्या दुकानात गेलो. काचेचं दार, पांढरे दिवे, एक लांब बाक, आणि काउंटरवर नव्यानं लागलेली एक मुलगी. गर्दी अजिबात नव्हती. याचा अर्थ मी वेळेत आलो, असा मी काढला.

मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही आपोआप येणारच आहात आमच्याकडे. पुढच्या आठवड्यात."

"मला आपोआप यायचं नाही."

"पण सर, काही करायची गरज..."

"तेच वाक्य मला नको आहे."

तिनं मागे वळून कोणालातरी विचारायचं म्हणून पाहिलं. मागे भिंत होती. मग तिनं माझा अर्ज भरला. आमचे चारही नंबर मी माझ्या हातानं जुन्या कंपनीतून बाहेर काढले आणि दुकानाच्या बाहेर पडलो तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला स्वतःबद्दल आदर वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही फोन मेले.

झालं ते असं. जुन्या कंपनीनं माझा अर्ज पाहून आम्हाला तत्काळ सोडून दिलं. नव्या कंपनीच्या यंत्रात आमची नावं आपोआप येणाऱ्यांच्या यादीत आधीच होती, म्हणून तिनं माझा अर्ज 'हे येणारच आहेत' म्हणून बाद केला. मग जुन्या कंपनीनं आपोआप जाणाऱ्यांच्या यादीतून आम्हाला 'हे गेलेच आहेत' म्हणून काढून टाकलं. दोन्ही यंत्रांचं बरोबर होतं. आईच्या आणि मावशीच्या हकिगतींसारखंच.

माझा फोन मेला याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. बायको तर म्हणाली की शाळेत आज फार दिवसांनी डोकं शांत होतं. ती शाळेत शिकवते. पण सकाळी चहा झाल्यावर आईनं फोन घेतला, नंबर दाबला, कानाला लावला. परत दाबला. मग फोन उलटा करून पाठीमागून पाहिला. चष्म्याच्या फडक्यानं पुसला. खिडकीत ठेवला आणि खुर्ची खिडकीजवळ ओढून बसली. दूध उतू गेलं ते बायकोनं पाहिलं.

मी म्हणालो, "आई, सगळ्यांचेच बंद आहेत. तांत्रिक अडचण आहे. आपली योजनाच अडकलीय."

"तिचाही?"

"तिचाही."

"हे तिला माहीत आहे का?"

"असेल की. फोन बंद आहे हे तिला दिसत असेलच."

"फोन बंद आहे हे दिसेल रे. पण आपल्यामुळे बंद आहे, माझ्या मनात काही नाही, हे कसं दिसेल?" आई खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "मी मेले असं वाटलं तर एक वेळ चालेल. रुसले असं वाटता कामा नये."

"मग निरोप देऊ का? मी जाऊन सांगतो."

"काय सांगणार?"

"की आईनं सांगितलंय..."

"मी काही सांगितलेलं नाही!" आई उसळली. "म्हणजे मी आधी बोलले असं होईल. इतकी वर्षं मी काय गंमत म्हणून गप्प बसले?"

तिढा असा होता. खुशाली कळली पाहिजे, पण कळवता कामा नये.

मी ऑफिसला जाण्याआधी वाट वाकडी करून मावशीकडे गेलो. बेल वाजवायच्या आत दार उघडलं. म्हणजे ती दाराशीच होती, पण ते तिनं दाखवलं नाही.

"तू? सकाळी सकाळी?"

"इकडून चाललो होतो." तिच्या घरावरून पुढे फक्त पाण्याची टाकी लागते. "मावशी, फोन बंद आहेत ना, ते कंपनीमुळे. सगळ्यांचेच."

"असू देत. मला कुठे कोणाचे फोन येतात?" ती दाराची कडी उगाच वरखाली करत म्हणाली. "मी काही काळजीबिळजी करत नाही. तिकडे सगळं खुशाल असणार हे मला ठाऊक आहे." मग जरा थांबून, "खुशाल आहे ना?"

"आहे."

"कळलं." आणि दार लागलं.

संध्याकाळी घरी आल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. तिनं काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "आज ऑफिसला उशीर झाला असेल तुला. कुठे गेला होतास का?"

मी सांगितलं. त्यानंतर जी उलटतपासणी झाली तशी आमच्याकडच्या मोठ्या मोठ्या लबाड दाव्यांचीही होत नाही. दार किती वेळानं उघडलं? आवाज बसलेला होता का? पायात काय होतं, घरातल्या सपाता की बाहेरची चप्पल? दार हातानं लावलं की ढकललं?

"मला काय माहीत? मी तिच्या पायांकडे कशाला बघू?"

"म्हणजे तू गेलासच कशाला?" आई म्हणाली. "घंटी आली असती तर मला सगळं कळलं असतं."

तेव्हापासून मी रोज सकाळी घंटी झालो. ऑफिसला जाताना मावशीच्या दारात उभा राहायचो. मावशी दार उघडायची, मला वरपासून खालपर्यंत पाहायची, माझ्या शर्टाला इस्त्री आहे की नाही यावरून आमच्या घरची हालत ताडायची, आणि "कळलं" म्हणून दार लावायची. चहा? छे. चहा दिला तर बोलणं होईल, आणि मी आईच्या पक्षाचा. संध्याकाळी माझी घरी तपासणी. ऑफिसात साहेबांनी उशिराचं कारण विचारलं तेव्हा 'मावशीला तोंड दाखवायला जातो' असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडची एक मोठी फाईल हळूच दुसऱ्याच्या टेबलावर ठेवली.

याच सुमाराला जिन्यात सल्लागार मंडळ भेटलं. हातात फोन, त्यावर मजेत बोलत होते.

"तुमचा चालू आहे?" मी विचारलं.

"हो. नव्या कंपनीत गेलो आपोआप. कळलंही नाही."

"तुम्ही स्वतःच्या पायांनी नाही गेलात?"

"अहो, जाणार होतो," ते म्हणाले. "पण कुठे वेळ मिळतो?"

मी शिव्या दिल्या नाहीत. कुटुंबप्रमुखाला ते शोभत नाही.

मी जुन्या कंपनीच्या कचेरीत गेलो. कधीकाळी तिथे फुगे आणि गोळ्यांची बशी असायची. आता दिवे अर्धे, भिंतीवर पोस्टरं काढल्याचे चौकोन, आणि त्या मोकळ्या दालनाच्या मध्ये एका टेबलामागे एकच गृहस्थ. टेबलाला एक चिठ्ठी चिकटवलेली: 'हस्तांतरित'. खुर्चीलाही तीच. पंख्यालाही.

त्यांनी यंत्रात पाहिलं. "तुम्ही आमच्याकडून गेलात."

"तिकडचे म्हणतात मी आलोच नाही."

"गेल्याचं तर स्पष्ट दिसतंय. वेळेसकट दिसतंय."

"मग मी आहे कुठे?"

"साहेब, खरं सांगू?" ते म्हणाले. त्यांनी आवाज खाली आणला, पण ऐकायला तिथे कोणी नव्हतं. "गिऱ्हाइकं नेणार, टेबल-खुर्च्या नेणार. आम्हाला नेणार का, ते अजून कोणी कळवलेलं नाही. आम्हालाही संदेश तोच आलाय, काही करायची गरज नाही. तेव्हा आपण एकाच ठिकाणी आहोत असं समजा. बसा ना."

मी 'हस्तांतरित' खुर्चीवर बसलो. त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. मी भांडायला गेलो होतो, पण त्या माणसाशी भांडायला मन होईना. त्यांनीच बराच वेळ खटपट करून, इकडे तिकडे फोन लावून, वाट काढली. नव्या कंपनीत 'सुखी परिवार' योजनाच नव्हती. तिथे प्रत्येक फोन आपापल्या नावावर. तेव्हा योजना मोडून चार वेगळे अर्ज करायचे.

"म्हणजे तुमचं कुटुंब फोडावं लागेल," ते म्हणाले.

"हरकत नाही. सही कुठे करू?"

"तुमच्या एकट्याच्या सहीनं नाही फुटत. चौघांनी एकाच वेळी नव्या कंपनीच्या काउंटरवर हजर राहावं लागतं."

"फोडायला सगळे एकत्र?"

"नियम आहे," ते कसनुसं हसत म्हणाले. "एकेकटे आलात तर यंत्र घेत नाही."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "ती येणार असेल तर मी येणार नाही."

मावशी दारात म्हणाली, "ती येणार नाही म्हणते ना? मग मी तरी कशाला येऊ?"

"म्हणजे ती आली तर येशील?"

"तसं मी म्हटलं का?"

बायकोनं हे प्रकरण हातात घेतलं. ती आईला म्हणाली, "नका जाऊ तुम्ही. फोन नसला तरी काय अडतंय? हे जातातच की रोज. पुढे पावसाळ्यातही जातील." मग मावशीकडे जाऊन तेच म्हणाली. आईनं रात्री जेवताना जाहीर केलं की ती फोनसाठी येत आहे, कोणा माणसासाठी नाही. मावशीनं सकाळी दारात जाहीर केलं की ती फक्त सही करायला येत आहे, बसायला नाही.

त्या दिवशी मी आईला घेऊन टॅक्सीनं गेलो. बायको शाळेतून अर्धी रजा घेऊन मावशीला आणायला गेली. आईनं ठेवणीतले कपडे घातले होते. दुकानात पोचलो तर मावशी आधीच आलेली, बाकाच्या या टोकाला ताठ बसलेली, तीही ठेवणीतल्या कपड्यांत आणि केसांना नवा रंग. आईनं बाकाचं ते टोक धरलं. मध्ये एवढी जागा होती की तिथे आमचे सगळे नातेवाईक बसले असते. मी उभा राहिलो.

मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "बारीक झालीय."

"कोण? मी?"

"तू नाही."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "केसांना काय लावलंय ते विचार."

मी काउंटरकडे वळलो. तिथे तीच मुलगी होती. तिनं मला ओळखलं आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला. मी तिला हात जोडले.

आता नवीन नोंदणीत सही पुरत नाही. एका कॅमेऱ्यासमोर बसून माणूस जिवंत आहे हे दाखवावं लागतं. पडद्यावर सूचना येते, 'कृपया डोळे मिचकवा'. बायकोनं एका झटक्यात मिचकवले, शाळेत एक फोन लावून आपला सुरू करून घेतला आणि ती तिकडे निघून गेली. मावशीनं मिचकवले. आईची पाळी आली. आई कॅमेऱ्याकडे बघत राहिली, म्हणजे रोखून बघत राहिली. तिच्या त्या नजरेसमोर आमच्या घरात अजून कोणी डोळे वर केलेले नाहीत. यंत्रानं लिहिलं, 'व्यक्ती आढळली नाही'.

"आजी, डोळे मिचकवा ना," मुलगी म्हणाली.

"अनोळखी माणसासमोर?"

"माणूस नाही आजी, यंत्र आहे."

"मग यंत्राला काय करायचंय माझ्या डोळ्यांशी?"

शेवटी बाकावरून, हवेत बघत, कोणालाही उद्देशून न बोलता मावशी म्हणाली, "लहानपणी धूळ गेली तरी डोळा मिटायची नाही. हट्टीपणा!" आईनं रागानं तिकडे मान वळवली, डोळे दोनदा मिटले-उघडले, आणि यंत्रानं तिला जिवंत धरलं.

"झालं!" मुलगी म्हणाली. "आता दोघींचे फोन सुरू करायला एक कॉल करावा लागेल. एकमेकींनाच करा, म्हणजे दोन्ही होतील."

आईनं फोन घेतला. नंबर तिला बघावा लागला नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला घंटी वाजली. एक. दोन. आईनं कापला. मावशीनं लगेच उलट लावला. एक. दोन. कापला. दोघींनी फोन पिशवीत टाकले आणि उठल्या.

"अहो आजी, कापू नका!" मुलगी ओरडली. "उचलून बोलावं लागतं. थोडा वेळ बोलल्याशिवाय यंत्र चालू करत नाही."

"कोणाशी बोलायचं?" आईनं विचारलं.

"ज्यांना लावलाय त्यांच्याशी."

दुकानातले पांढरे दिवे बारीक गुणगुणत होते. मी कुटुंबप्रमुख म्हणून घसा खाकरला. आई हळूच परत बसली. मावशीही बसली. आईनं नंबर लावला आणि समोरच्या भिंतीकडे तोंड केलं. मावशीनं काचेच्या दाराकडे तोंड केलं आणि उचलला.

"हॅलो," आई म्हणाली.

"हॅलो. कोण बोलतंय?"

"कोण काय कोण? मी आहे."

मावशीनं पिशवी मांडीवर नीट ठेवली. मग मावशी म्हणाली, "ताई होय. बोल."

या 'ताई' शब्दाची मी इतकी वर्षं वसुली न होणाऱ्या खात्यात नोंद करून ठेवली होती.

"काय बोलू?" आई म्हणाली. "इथली मुलगी बोला म्हणतेय."

"हो, इथेही म्हणतेय."

"गर्दी आहे का तुझ्याकडे?"

"आहे थोडी. तुझा मुलगा उभा आहे मध्येच."

"इथेही तसंच." आईनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. "पाठ कशी आहे?"

"माझी पाठ? तुला कोणी सांगितलं?"

"थंडीत घंटी उशिरा द्यायचीस. पाणी भरायला बाई ठेव म्हणून किती वेळा सांगितलं."

"कधी सांगितलंस?"

"मनात," आई म्हणाली.

मावशीनं दारातून नजर काढून मांडीवर ठेवली. "तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना गेल्या वर्षी?"

आता आई चपापली. "तुला कसं कळलं?"

"त्या दिवशी घंटी तुझी नव्हती. सुनेनं दिली होती. तिची दुसरी घंटी जरा लांबते. मी ओळखलं की ताईला काहीतरी झालंय. डोळ्याचं होतं ते मागाहून कानावर आलं. दिवसभर बसून होते फोन घेऊन. दुसऱ्या दिवशी पण तिचीच. चौथ्या दिवशी तुझी आली तेव्हा जेवले."

"वेडी आहेस का? चार दिवस?"

"मधे बिस्किटं खाल्ली."

"यायचं नाही का मग?"

"तू बोलावलंस का?"

"बोलावल्यावर यायला तू काय परकी आहेस?"

"हे बघ, ताई, सुरुवात तू केली होतीस..."

"मी? मी केली होती? थांब, आता नीट ऐक..."

मुलगी घाईघाईनं पुढे झाली. "झालं आजी! दोन्ही सुरू झाले. ठेवलात तरी चालेल."

आईनं फोन तळव्यानं झाकला. "थांब गं. तिचं म्हणणं ऐकून तर घेऊ दे."

मी हळूच मागे सरलो आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन बसलो. माझी पाळी राहिली होती. डोळे मिचकवले. 'व्यक्ती आढळली नाही'. परत मिचकवले. मुलगी म्हणाली, चष्मा काढा. काढला. आता सूचना दिसेना. मुलगी म्हणाली, जरा हसा. हसलो. यंत्रानं लिहिलं, 'अन्य व्यक्ती आढळली'. मुलगी म्हणाली, एवढं नका हसू. माझ्या मागे दोन्ही आवाज चढत होते, मग उतरले, मग एक आवाज नाक ओढताना ऐकू आला, मग काचेचं दार वाजलं. मी मान वळवली नाही, कारण मान वळवली की पहिल्यापासून करावं लागत होतं.

केव्हातरी मागे पाहिलं तर बाक रिकामा होता.

"त्या गेल्या," मुलगी म्हणाली. "टॅक्सी केली त्यांनी. तुम्हाला सांगायला सांगितलंय. म्हणाल्या, त्याला फोन लागत नाही, तेव्हा तूच सांग."

"कुठे गेल्या?"

"ते नाही सांगितलं. टॅक्सीत बसेपर्यंत भांडत होत्या."

मी ताडकन उठलो. दोन म्हाताऱ्या, एक टॅक्सी, आणि इतक्या वर्षांचं भांडण. मी त्या मुलीचा फोन मागून घेतला आणि आईला लावला. बराच वेळ वाजला. मग आईनं उचलला. मागे कपबशांचा आवाज येत होता आणि मावशीचाही.

"कोण? तू होय. हो, पोचलो आम्ही तिच्याकडे. मी आज इथेच राहते, उद्याही राहीन बहुतेक. माझ्या गोळ्या आणून दे. सावकाश आण. आणि हे बघ," आईनं आवाज खाली आणला, "सारखा सारखा फोन करू नकोस. आम्ही बोलतोय."

फोन बंद झाला. मी तो मुलीला परत दिला.

"काय म्हणाल्या?" तिनं विचारलं.

"पोचल्या," मी म्हणालो, आणि चष्मा काढून परत कॅमेऱ्यासमोर जाऊन बसलो.